शहरांचा वारसा कोणाचा?

३० जून २०१८ रोजी मनामा येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मुंबईतील ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. वृत्तपत्रांनी अभिनंदनाचे मथळे दिले आणि मंत्र्यांनी श्रेयाची वाटणी केली. त्या मैदानापासून काही किलोमीटर उत्तरेस वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे बी.डी.डी. चाळी उभ्या होत्या. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या आणि शिवडीसह एकूण २०७ संख्येच्या या चाळींत, १६० चौरस फुटांच्या खोल्यांत, मुंबईच्या कामगारवर्गाच्या चार पिढ्या वाढल्या. आज त्या टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत.

ओव्हल मैदानाचे कौतुक करू नये किंवा १६० चौरस फुटांच्या खोलीत माणसांनी आणखी शंभर वर्षे कोंडून घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. चाळकऱ्याला मोठे घर, स्वतःचा संडास आणि वाहते पाणी मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तो दीर्घकाळ लढला आहे. प्रश्न निराळाच आहे. एकाच शहरात, एकाच शतकाच्या आगेमागे बांधलेल्या इमारतींपैकी काहींना कायद्याचे कवच मिळते आणि काहींच्या जमिनीचा बाजार मांडला जातो. ही निवड कोण करतो आणि कोणत्या कसोटीवर? जिला कवच मिळते तिच्यात राहणाऱ्या माणसाचे पुढे काय होते? वारसा-जतनाच्या कायद्याचा इतिहास या दोन प्रश्नांच्या उजेडात वाचला पाहिजे, कारण येत्या काळात देशातील प्रत्येक जुन्या शहरात कष्टकरी जनतेला या प्रश्नांना तोंड द्यावे लागणार आहे.

साम्राज्याचा कायदा

भारतात जतनाचा कायदा परकीय सत्तेने आणला. १८१० चे बंगाल रेग्युलेशन, १८१७ चे मद्रास रेग्युलेशन आणि १८६३ चा कायदा यांनी सार्वजनिक इमारतींच्या रक्षणाचे काही अधिकार सरकारला दिले होते. पण ज्या सत्तेने हे अधिकार घेतले, तिनेच १८५७ च्या उठावानंतर दिल्ली आणि लखनौ या शहरांचे लचके तोडले. लाल किल्ल्याच्या तटाआतील राजवाड्याचा बहुतांश भाग पाडून तेथे पलटणीच्या बराकी उभारल्या गेल्या. तोफांच्या माऱ्याला मोकळे मैदान हवे म्हणून किल्ला आणि जामा मशीद यांच्या भोवतालची दाट वस्ती साफ करण्यात आली. लखनौमध्ये जुन्या मोहल्ल्यांतून लष्करासाठी रुंद रस्ते काढण्यात आले. यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, अलेक्झांडर कनिंगहॅम यांची पुरातत्त्वीय पाहणीच्या कामावर नेमणूक झाली. शहर उद्ध्वस्त करणे आणि अवशेषांची नोंद ठेवणे ही एकाच राजवटीची दोन खाती होती.

१९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारक जतन कायदा संमत झाला. त्याने अनेक अमूल्य वास्तू वाचवल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. ताजमहाल किंवा साँची यांची आजची स्थिती बऱ्याच अंशी त्या काळात सुरू झालेल्या कामामुळे आहे. मात्र या कायद्याला दिसत असे ते एकटे स्मारक. ते भोवतालच्या वस्तीपासून अलग करावे, त्याभोवती कुंपण व हिरवळ घालावी आणि प्रजेने ते लांबून पाहावे, अशी ही दृष्टी होती. भारताचे वैभव भूतकाळात संपले असून त्याची राखण करण्यास इंग्रज सरकारच समर्थ आहे, हा राजकीय संदेशही तीत होता.

जिवंत शहरासाठी त्याच सरकारजवळ दुसरे हत्यार होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि पुढे कलकत्ता व अन्य शहरांतही असे ट्रस्ट आले. रोगराईचे कारण पुढे करून दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि वाढलेल्या किमतीने जमिनी द्यायच्या, ही त्यांची रीत होती. घरे गमावलेल्यांच्या मानाने नवी घरे अपुरी पडत आणि गरिबांची गर्दी शेजारच्या मोहल्ल्यात सरके. फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८७२-७३ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखमालेत पॅरिसच्या हाऊसमानचे उदाहरण घेऊन हीच रीत उलगडून दाखवली होती. भांडवलदार वर्ग घाणेरड्या वस्तीचा प्रश्न सोडवत नाही, तो ती वस्ती दुसरीकडे हलवतो.

पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१४ पासून भारतातील अनेक शहरांची पाहणी केली, आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सरसकट पाडापाडी करण्याऐवजी थोडी घरे काढून, विहिरी व चौक मोकळे करून, उरलेली वस्ती दुरुस्त करावी, असा त्यांचा आग्रह होता. या रीतीला त्यांनी राखून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. ती स्वस्तही पडते, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले. त्यांचे अहवाल वाखाणले गेले, परंतु जमिनीच्या व्यवहारात ज्यांचा नफा होता त्यांनी ते बहुतांशी बाजूला ठेवले.

स्वतंत्र भारताची अर्धी वाट

राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९५८ मध्ये प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा संमत झाला. शंभर वर्षांहून जुनी वास्तू हा त्याचा पाया होय. आज या कायद्याखाली सुमारे ३,७०० स्मारके केंद्राच्या संरक्षणात आहेत. राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत आणि नगररचना तर राज्यांचाच विषय आहे.

संख्येच्या दृष्टीने हे संरक्षण तुटपुंजे आहेच, शिवाय ते कागदावरच राहिल्याचेही सिद्ध झाले आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडत नसल्याचे नमूद केले. २०२४ मध्ये सरकारने त्यांतील १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू केली. स्मारक हरवले, तेव्हा नोंद पुसून टाकली की हरवल्याचा ठपकाही पुसला जातो, असा हा न्याय आहे.

परंतु अधिक गंभीर दोष कायद्याच्या रचनेतच आहे. जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरवले. २०१० च्या दुरुस्तीने ते कायद्यातच समाविष्ट केले, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन केले आणि उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. बिल्डरांच्या आक्रमणाला आळा घालण्यासाठी असा कठोर नियम आवश्यक होता. तथापि दिल्ली, आग्रा, विजापूर यांसारख्या शहरांत स्मारकाभोवतीचे १०० मीटर म्हणजे रिकामे माळरान नव्हे. तेथे पिढ्यानपिढ्या विणकर, हमाल, कारागीर, छोटे दुकानदार राहतात. त्यांना संडास बांधायचा किंवा पडकी भिंत उभारायची असली तरी प्राधिकरणाच्या दारात उभे राहावे लागते, आणि तीही मुभा १९९२ पूर्वीच्या बांधकामापुरतीच आहे. प्रत्येक स्मारकासाठी स्थानिक उपविधी करावेत, असे २०१० च्याच कायद्यात म्हटले आहे. अनेक स्मारकांबाबत ते वर्षानुवर्षे झाले नाहीत. ज्या सवलतीने गरिबाचे घर वाचले असते ती सवलत अशा रीतीने कागदावर राहिली.

गरीब रहिवाशासाठी कायदा इतका काटेकोर आहे. सरकारसाठी मात्र तो सैल व्हावा, असा प्रयत्न झाला. प्रतिबंधित क्षेत्रात केंद्र सरकारच्या 'सार्वजनिक कामां'ना वाट मोकळी करणारे दुरुस्ती विधेयक जुलै २०१७ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले आणि २ जानेवारी २०१८ रोजी संमतही झाले. राज्यसभेत विरोध झाल्याने ते प्रवर समितीकडे गेले आणि त्याचा कायदा होऊ शकला नाही. याउलट २०२३ च्या एप्रिलअखेरीस दिल्लीत तुघलकाबाद किल्ल्याच्या परिसरातील शेकडो कष्टकरी कुटुंबांची घरे पुरातत्त्व खात्याने बुलडोझरने भुईसपाट केली. ही जमीन त्यांना विकणारे दलाल आणि वीज-पाणी देऊन मते घेणारे पुढारी यांच्यावर बुलडोझर चालला नाही.

वाराणसीत तर कायद्याला दिसणारे स्मारकच नव्हते. तेथे होती ती गल्ल्यांची जिवंत वीण, आणि वस्तीला वस्ती म्हणून ओळखणारी तरतूद केंद्रीय कायद्यात नाही. २०१९ मध्ये पायाभरणी आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या विश्वनाथ कॉरिडॉरसाठी तीनशेहून अधिक मालमत्ता खरेदी करून पाडण्यात आल्या. जुन्या घरांच्या पोटात दडलेली देवळे सापडल्याचा गाजावाजा झाला. ज्या भाडेकरूंनी आणि दुकानदारांनी ती घरे आजवर उभी ठेवली होती, त्यांचे नाव कोणत्याही शिलालेखावर आले नाही. वारशाच्या नावाने वारसा पाडण्याचा हा नवा प्रकार होय.

याच काळात 'वारसा दत्तक घ्या' या योजनेखाली स्मारकांच्या सोयीसुविधा खाजगी कंपन्यांकडे सोपवण्यास प्रारंभ झाला. एप्रिल २०१८ मध्ये लाल किल्ल्यासाठी दालमिया भारत या सिमेंट उद्योगसमूहाशी पाच वर्षांचा, २५ कोटी रुपयांचा करार झाला. ज्या किल्ल्यात १८५८ मध्ये बहादूरशहा जफर यांच्यावर आणि १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले, त्या किल्ल्याच्या दारात कंपनीचा फलक लावण्याची मुभा देणे हा निधीच्या टंचाईचा प्रश्न नव्हे. सार्वजनिक जबाबदारी झटकण्याच्या धोरणाचाच तो भाग आहे.

मुंबईचा धडा

स्मारकापलीकडे जाऊन शहराच्या वास्तूंना कायद्याखाली आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम अंमलात आला. इमारतींच्या श्रेणी ठरल्या आणि वारसा जतन समिती नेमली गेली. मालकाला बांधकामाचा जो हक्क वापरता येत नाही तो त्याने अन्यत्र विकावा, अशी सोय करण्यात आली. ही कल्पना न्यूयॉर्कच्या अनुभवातून आलेली होती. तेथे १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानक पाडले गेल्यावर जनक्षोभ उसळला, १९६५ मध्ये जतनाचा कायदा झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात तो उचलून धरला. मालमत्तेच्या हक्काला पवित्र मानणाऱ्या देशातसुद्धा शहराचा हक्क मालकाच्या नफ्याहून वरचढ ठरू शकतो, हे त्या निकालाचे मोल आहे.

मुंबईच्या यादीचा भर मात्र फोर्टमधील भव्य वास्तूंवर राहिला. गिरणगावाकडे कायदा वळला तो दुसऱ्याच दाराने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपानंतर मालकांचे लक्ष सुतावरून जमिनीकडे गेले. शहराच्या ऐन मध्यभागी ५८ गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि तिचा मोठा भाग कापड गिरण्या चालाव्यात म्हणूनच सवलतीने दिला गेला होता. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे केले होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये राज्य सरकारने त्या नियमात एक दुरुस्ती केली. ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच लागू राहील, असे ठरवण्यात आले. गिरणीची शेड पाडून रिकामी होणारी जमीन वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने निर्णय दिला, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली.

नियमातील काही शब्दांनी शेकडो एकर जमिनीचे भवितव्य फिरवले. या जमिनीवर आज मॉल आणि काचेचे मनोरे उभे आहेत. फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलच्या आवारात राखून ठेवण्यात आली आहे, ती शोभेची वस्तू म्हणून. भोंगा कायमचा थांबला आणि भोंग्यावर उठणारी माणसे शहराबाहेर फेकली गेली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. सोडतीतून मिळालेली घरे त्या मानाने अल्प ठरली, आणि कित्येक अर्जदार वाट पाहतच गेले. वारशाचा कायदा या वेळी कोठे होता? चिमणी वाचवण्यापुरता तो होता. चिमणीभोवतीचे जग त्याच्या कक्षेत कधी आलेच नाही.

गिरणगाव हा कोणत्याही राजवाड्याइतका राष्ट्राचा वारसा आहे, हे ठासून सांगितले पाहिजे. लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेला मुंबईच्या कामगारांनी येथेच सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले. त्याच वर्षी लेनिन यांनी त्या संपात हिंदी कामगारवर्गाच्या राजकीय जागृतीची खूण पाहिली. परळच्या दळवी बिल्डिंगमधून गिरणी कामगार युनियनचे लढे चालवले गेले. परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांच्या बंडाला पाठिंबा देताना याच भागात कॉ. कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने येथूनच बळ घेतले. या इतिहासाच्या वास्तू साध्या विटांच्या आहेत, त्यांना घुमट नाहीत. कलात्मकतेची कसोटी लावणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या नजरेत त्या सहसा भरत नाहीत.

वयाची कसोटीही अशीच आंधळी आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स ही १९७२ ची वास्तू स्वतंत्र भारताच्या स्थापत्याचा अभिमानाचा नमुना होती. वास्तू साठ वर्षांची झालेली नाही, या कारणाने तिला वारसा मानण्यास नकार मिळाला आणि एप्रिल २०१७ मध्ये ती एका रात्रीत पाडण्यात आली.

हैदराबादचा अनुभव तर कायद्याची नाजूकता उघडी करतो. तेथे वारसा वास्तूंना रक्षण देणारा नगररचनेतील नियम २०१५ मध्ये सरकारी आदेशाने रद्द झाला आणि नवा कायदा २०१७ मध्ये आला. एर्रम मंझिल पाडून विधानसभा बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला रोखावा लागला. जनतेच्या संघटित शक्तीचा आधार नसलेला नियम सचिवालयात एका सहीने पुसता येतो.

रहिवासी जतनाच्या विरुद्ध का जातो?

येथे आपल्याच बाजूचा एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. २०१२ मध्ये मुंबईत वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा दादरच्या शिवाजी पार्क परिसरातील अनेक मध्यमवर्गीय रहिवाशांनी त्यास कडाडून विरोध केला. त्यांना इतिहासाचे प्रेम नव्हते, असा याचा अर्थ लावणे उद्धटपणाचे ठरेल. यादीत नाव आले की पुनर्विकास अडेल, दुरुस्तीचा खर्च मात्र आपल्याच डोक्यावर बसेल, ही त्यांची भीती रास्त होती. कायदा बंधन घालतो आणि पैसा देत नाही. अशा कायद्याविरुद्ध बिल्डर रहिवाशाला सहज उभा करू शकतो, आणि जतनाची भाषा बोलणारा सुखवस्तू सुशिक्षित वर्ग चाळकऱ्याच्या नजरेत शत्रू ठरतो.

मुंबईच्याच कायद्यात याचे एक जुने उत्तर होते. इमारती कोसळून माणसे मरू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. सुमारे १९ हजार ६०० जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या निधीतून आणि सरकारी अनुदानातून दुरुस्त्या करावयाच्या होत्या. भाडे नियंत्रणामुळे भाडेकरूला निवाऱ्याची शाश्वती होती आणि या कायद्यामुळे दुरुस्तीची जबाबदारी सार्वजनिक झाली. जतनाचा शब्दही न उच्चारता त्या कायद्याने हजारो घरे आणि त्यांतील माणसे शहरात टिकवून धरली. निधी अपुरा ठेवून, मंडळाला दुर्बल करून, पुढे जादा चटई क्षेत्राचे आमिष दाखवून दुरुस्तीची वाट सोडण्यात आली आणि पुनर्विकास बिल्डरच्या हाती दिला गेला. जुनी घरे भाडे नियंत्रणाने पाडली, हा मालकांचा कांगावा म्हणूनच अर्धसत्य आहे. जमिनीचा खंड ज्या गतीने वाढतो त्या गतीने इमारत पडावी, यातच मालकाचे हित असते.

बोलोन्याचा अनुभव

याहून वेगळे काही शक्य आहे काय? इटलीतील बोलोन्या या शहराने याचे उत्तर दिले आहे. १९४५ पासून १९९९ पर्यंत या शहराचे महापौरपद कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या नेतृत्वाकडे राहिले. १९६२ च्या फ्रान्समधील मालरो कायद्याखाली पॅरिसच्या मारे विभागातील वाडे उजळले, परंतु तेथील कारागीर आणि गरीब भाडेकरू हळूहळू बाहेर पडले आणि धनिक आत आले. बोलोन्याच्या महापालिकेने हा धडा घेतला. १९६९ मध्ये जुन्या शहराच्या जतनाची योजना झाली. १९७३ मध्ये, रेनातो झांगेरी महापौर असताना आणि वास्तुविशारद पिएर लुइजी चेर्वेल्लाती यांच्या पुढाकाराने, सार्वजनिक घरबांधणीचा निधी शहराच्या सीमेवर नव्या वसाहती बांधण्याऐवजी जुन्या शहरातील घरांच्या दुरुस्तीकडे वळवण्यात आला.

वास्तू आणि तीत राहणारा कष्टकरी हे दोन्ही मिळून वारसा होतो, हे त्या योजनेचे सूत्र होते. घराची दुरुस्ती चालू असताना रहिवाशाला जवळच तात्पुरते घर द्यायचे आणि काम पूर्ण होताच त्याला त्याच्या वस्तीत परत आणायचे, अशी व्यवस्था होती. आरंभी घरे सक्तीने संपादन करण्याचा विचार होता. छोट्या मालकांनी, ज्यांत पक्षाला मते देणारेही होते, त्यास विरोध केला. तेव्हा महापालिकेने करारांचा मार्ग धरला : मालकाला दुरुस्तीसाठी अनुदान मिळेल, बदल्यात भाडे नियंत्रित राहील आणि जुना भाडेकरू हलवला जाणार नाही. १९७५ च्या ॲम्स्टरडॅम जाहीरनाम्यात युरोपीय देशांनी जतनामुळे वस्तीचे सामाजिक स्वरूप बदलू नये हे तत्त्व मान्य केले, त्यामागे बोलोन्याचा अनुभव होता.

या यशाला मर्यादाही होत्या. काम ठरावीक विभागांतच झाले, केंद्र सरकारचा निधी आटला आणि पुढे बाजाराचा दाब वाढत गेला. भांडवली राज्यात एकट्या नगरपालिकेची शक्ती किती, याचेही ते उदाहरण आहे.

समाजवादी देशांच्या इतिहासाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९१८ मध्ये, यादवी युद्ध पेटले असताना, सोव्हिएत सरकारने कलावस्तू व प्राचीन स्मारकांच्या नोंदणीचा आणि रक्षणाचा हुकूम काढला. नाझींनी बेचिराख केलेले वॉर्साचे जुने शहर पोलिश जनतेने विटेवर वीट रचून पुन्हा उभारले. १९३१ मध्ये मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे भव्य चर्च मात्र सुरुंगाने उडवण्यात आले. लेनिनच्या सरकारने जो दंडक घालून दिला होता त्याचा तो भंग होता. आपल्या देशात पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारने २००१ मध्ये वारसा आयोगाचा कायदा केला, हे योग्य दिशेचे पाऊल होते. परंतु भाडेकरूचा प्रश्न तेथेही निराळ्या कायद्यावर सोडला गेला. वास्तू आणि माणूस यांना एकाच कायद्यात आणण्याचे काम अपुरेच राहिले.

जातीयवादाचे सावट

जतनाच्या कायद्याला आज आणखी एक धोका आहे. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा कायदा हतबल होता. आता कायद्याचाच वापर करून इतिहासाची कबर उकरण्याचे उद्योग चालू आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये संभल येथे, १९२० पासून संरक्षित असलेल्या शाही जामा मशिदीच्या पाहणीवरून हिंसा झाली आणि माणसे मेली. मार्च २०२५ मध्ये खुलताबाद येथील औरंगजेबाची संरक्षित कबर हटवण्याच्या मागणीवरून नागपुरात दंगल घडवली गेली. ज्या नागपुरात विणकर आणि गिरणी कामगार धर्माचा विचार न करता एका झेंड्याखाली लढले, तेथे भाकरीऐवजी कबरीचा वाद पेटवणे हा कोणाच्या फायद्याचा उद्योग आहे, हे सांगण्याची गरज नाही. घटनेच्या ५१-क अनुच्छेदाने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. कोणत्या राजाचे स्मारक राखावे आणि कोणत्या राजाचे पाडावे, याची निवड करू लागलेला कायदा जतनाचा कायदा राहत नाही.

पुढची वाट

या सर्व अनुभवातून पुढील कायद्याची रूपरेषा स्पष्ट होते. पहिली गोष्ट, वारशाच्या व्याख्येत एकट्या वास्तूबरोबर वस्तीलाही स्थान हवे, आणि कामगारवर्गाच्या चाळी, गिरण्या, सभांची मैदाने व लढ्यांच्या जागा यांची वेगळी नोंद व्हावी. दुसरी, यादीत येणाऱ्या प्रत्येक इमारतीतील भाडेकरूला त्याच जागी राहण्याचा कायदेशीर हक्क मिळावा आणि दुरुस्तीनंतर भाडे मर्यादेत राहावे. तिसरी, बंधनासोबत निधी यावा. हस्तांतरणीय हक्कांच्या व्यापारातून मालकाला मिळणाऱ्या लाभावर कर बसवून तो पैसा दुरुस्तीला वळवावा. चौथी, ज्या जुन्या इमारती राखणे अशक्य आहे त्या पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा मोठा वाटा सार्वजनिक घरे व मैदाने यांनाच मिळावा, आणि २००१ सारखी शब्दांची हातचलाखी पुन्हा होऊ नये. पाचवी, स्मारकाभोवतीच्या रहिवाशांना दुरुस्तीचा व सोयींचा हक्क देणारे स्थानिक उपविधी ठरावीक मुदतीत व्हावेत. सहावी, वारसा समित्यांवर तज्ज्ञांच्या बरोबरीने रहिवासी, भाडेकरू संघ आणि कामगार संघटना यांचे प्रतिनिधी बसावेत. शेवटची, स्मारकांचा कारभार खाजगी कंपन्यांकडे सोपवणे थांबवावे आणि पाथरवट, सुतार, गवंडी यांना पुरातत्त्व खात्यात कायम नोकरी मिळावी. ज्यांच्या हातांनी हा वारसा घडला त्यांच्या वारसांनी तो कंत्राटी मजुरीवर राखावा, हे लाजिरवाणे आहे.

हे कायदे विधिमंडळात आपोआप संमत होणार नाहीत. देशाच्या प्रत्येक शहरात पक्षशाखांनी आपल्या भागातील जुन्या वस्त्यांची पाहणी करावी, कोणत्या घराची दुरुस्ती होऊ शकते आणि कोण बेघर होण्याच्या वाटेवर आहे याची नोंद ठेवावी, आणि विकास आराखड्यांवर हरकती घेण्याची मुदत संपण्यापूर्वी ती नोंद लोकांसमोर आणावी. वृद्ध कामगारांच्या आठवणी टिपून घ्याव्यात, कारण इमारत पडते तेव्हा तिचा इतिहास सांगणाराही दूर जातो. भाडेकरूंची लढाई आणि वारशाची लढाई ही आजवर दोन वेगळ्या मंडळींनी लढली आणि म्हणूनच दोन्ही वेळा बिल्डर जिंकला. ती एक झाली पाहिजे.

ओव्हल मैदानावरील इमारती सुरक्षित राहोत. त्याही कोणा हाऊसमानने बांधलेल्या नाहीत, मुंबईच्या गवंड्यांनी आणि बिगाऱ्यांनी बांधल्या आहेत. परंतु त्या गवंड्यांच्या आणि बिगाऱ्यांच्या नातवंडांना जोवर त्या शहरात राहण्यास जागा नाही, तोवर कोणताही वारसा कायदा पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.